तिसऱ्या मिनिटाला आबा गेले

मी तोंडाची फटकळ आहे, हे भोरात कुणालाही विचारा. मंडईतली भाजीवालीसुद्धा सांगेल. नाव मोहिनी असलं तरी पोरं माझ्या माघारी मला तोफ म्हणतात, आणि मला ते ठाऊक आहे. कॉलेजात बारावीला मराठी शिकवते, तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे दर जूनला प्राचार्यांच्या दारात जाऊन उभं राहायचं, "यंदा घेताय ना सर?" म्हणून. शनिवार दुपारचा वक्तृत्वाचा वर्ग मात्र माझा स्वतःचा. तो मी भांडून मागून घेतला आणि अकरा वर्षं चालवला. त्यामुळे जे झालं ते दुसऱ्या कुणाच्या माथी मारायची सोय नाही.

वर्गात मी काय शिकवायचे? दातांत पेन्सिल धरून बाराखडी म्हणायची. शेवटच्या बाकाकडं बघून बोलायचं. 'सन्माननीय व्यासपीठ' म्हणताना व्यासपीठाकडं बघायचं, छताकडं नाही, तिथं पाली असतात. हात उगाच वारा घातल्यासारखे हलवायचे नाहीत. आणि सगळ्यात मोठा नियम फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहिलेला असायचा, काहीही झालं तरी थांबायचं नाही. माईक बंद पडू दे, कुणी हसू दे, छप्पर डोक्यात पडू दे. भाषण पुरं करायचं आणि मग खुशाल मरायचं, असं मी म्हणायचे. पोरं हसायची.

प्रगती माझ्या वर्गात आली ती गेल्या जुलैत. गुंजवण्याच्या वर तासभराचा चढ चढलं की आठ घरांचा धनगरवाडा लागतो, तिथली ही. घरी शेरडं आणि चार गुरं. दहावी खाली वेल्ह्याकडं केली आणि अकरावीला भोरच्या वसतिगृहात आली. त्या वाड्यावरची बारावीपर्यंत पोचलेली ही पहिली पोरगी. काटकुळी, मान कायम खाली. पहिल्याच शनिवारी मी तिला उभं केलं आणि ओरडले, "आवाज! शेवटच्या बाकापर्यंत गेला पाहिजे!" तिनं माझ्याकडं एकदा बघितलं, तोंडाशी हात नेला आणि शेरडांना घालतात तशी हाळी घातली. खिडक्या वाजल्या. वर्ग हसून लोळायला लागला. हणमंत नावाचं एक आगाऊ कार्टं आहे, ते तर बाकावरून खालीच पडलं.

"दात काय काढताय?" मी म्हटलं. "तुमच्या सात पिढ्यांत कुणाचा एवढा आवाज होता का? प्रगती, विषय गेला खड्ड्यात. तुझ्या घरचं काहीतरी सांग."

तिनं सांगितलं ते असं. ती बारा वर्षांची होती. श्रावणातले दिवस, कडा निसरडा. एक गाभण शेळी कड्याखालच्या कपारीवर उतरली आणि अडकली. तिचे आबा, म्हणजे वडील सिद्धनाथ, शेळीला आणायला उतरले आणि घसरले. तीन माणसांच्या उंचीएवढं खाली जाऊन एका खोबणीत पडले. पाय मोडलेला, डोक्यातून रक्त. आई कमळाबाई माणसं आणायला गुंजवण्याकडं पळाली आणि जाताना पोरीला म्हणाली, बापाशी बोलत ऱ्हा, त्यांना झोपू दिऊ नगंस. पोरगी कड्यावर पालथी पडून सकाळपासून दिवस कलेपर्यंत बोलत राहिली. शेरडांची नावं, शाळेतले पाढे, कुणाचं कुणाशी भांडण झालं, तोंडाला येईल ते. तिच्या प्रत्येक वाक्याला खालून "हं" यायचं. "हं" आलं की पुढचं वाक्य. संध्याकाळी माणसं दोर घेऊन आली, आबांना वर काढलं, झोळीत घालून खाली नेलं. आबा वाचले. आता एक पाय ओढत चालतात, एवढंच.

हणमंत उठून बाकावर नीट बसला. अकरा वर्षांत माझ्या वर्गात असं बोलणं कुणी बोललं नव्हतं, आणि ती ते बोलायला शिकलेलीही नव्हती.

तास सुटल्यावर ती माझ्यामागं जिन्यापर्यंत आली. "मॅडम, आबांना एकदा हितं आणायचं हाय मला. वैशाखात माझं लगीन लावायचं म्हणत्यात. पानशेतकडचं स्थळ हाय. पण त्यांनी मला एकदा असं लोकांम्होरं बोलताना ऐकलं, तर ते न्हाई म्हणायचे न्हाईत. मला पुढं शिकू देतील." तिला भाषणाची स्पर्धा, ढाल, चषक यांतलं काही नको होतं. आबांनी एकदा ऐकावं आणि 'शिक' म्हणावं, एवढंच. मी तिला शब्द दिला. म्हटलं, आबांना मी आणते. आणि माझ्या डोक्यात काय होतं? माझ्या डोक्यात होती ढाल. खरं तेच सांगते.

सप्टेंबरात पहिली स्पर्धा झाली. प्रगतीला उत्तेजनार्थ. परीक्षक म्हणून एक गृहस्थ आले होते, चहा पिता पिता मला म्हणाले, "मॅडम, मुलगी चांगली आहे, पण शेवट पडतो. बाप वाचतो आणि भाषण तिथंच बसतं." मला इतका राग आला! त्यांचा नाही, शेवटाचा. कारण त्यांचं बरोबर होतं. ऐकणाऱ्याचा श्वास अडकलेला असताना तुम्ही त्याला सांगता, काही नाही हो, सगळं ठीक आहे, या चहाला. घरी येऊन मी लाल पेन घेतलं आणि शेवट बदलला. मी बोलत होते. मी बोलत होते. आणि तिसऱ्या मिनिटाला, खालून 'हं' यायचं थांबलं. इथे दोन सेकंद थांबणे. मग आवाज खाली आणून, आबा गेले. मग चौथ्या मिनिटात रस्ता, दवाखाना, वाडीवस्ती, मागणी, समारोप.

प्रगतीनं कागद वाचला आणि परत माझ्यापुढं केला. "आबा जिते हायेत मॅडम."

"ते मला माहीत नाही का? मी काय त्यांना मारत्येय? अगं, भाषण आहे हे, पोलिसातला जबाब नाही."

"आन् आबांम्होरं?"

"आबा येतील तेव्हा जुना शेवट म्हण. झालं?"

ती "बरं" म्हणाली. मी सांगितलं आणि ती "बरं" म्हणाली नाही, असं कधी झालंच नाही. मी तिच्याकडून तो शेवट इतका घोटून घेतला की तिच्या डोळ्यांत पाणी नेमकं 'थांबलं' या शब्दाला यायला लागलं. आधी नाही, नंतर नाही. मला त्याचा अभिमान वाटायचा. जळो तो अभिमान! ऑक्टोबर ते डिसेंबर तीन स्पर्धा, तिन्ही ठिकाणी पहिली. बाया-बाप्यांच्या डोळ्यांना रुमाल लागलेले मी मागं उभी राहून मोजायचे.

जानेवारीत आमच्याच कॉलेजात मोठी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा भरली. पालकांना निमंत्रणं गेली. मी स्वतः वाड्यावर फोन लावला, रेंज मिळेना तरी चार वेळा लावला, आणि सिद्धनाथना सांगितलं, "या हो, तुमच्या लेकीला ऐकायला." ते म्हणाले, "येतो बाई, एष्टीनं एकपर्यंत येतो." चिठ्ठ्या निघाल्या तेव्हा प्रगतीचा दुसरा क्रमांक. म्हणजे साडेअकराला तिचं उरकणार.

"मग आबा ऐकणार कधी?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "पहिल्या आलेल्याला बक्षीस समारंभात परत बोलायला लावतात. तेव्हा आबा बसलेले असतील, तेव्हा जुना शेवट. आत्ता आपला नेहमीचा." माझं सगळं ठरलेलं होतं. दोन्ही दगडांवर पाय ठेवून मी उभी होते.

सिद्धनाथ एसटीनं आलेच नाहीत. लेकीचं भाषण म्हटल्यावर माणसाला दम धरवेना. पहाटेच उतरून दुधाच्या टेम्पोतून नसरापूर गाठलं आणि तिथून पहिल्या गाडीनं भोर. सव्वाअकराला ते हॉलमध्ये येऊन सगळ्यात मागच्या रांगेत बसले. धुतलेला पटका, हातात काठी. मी स्टेजच्या बाजूला, पडद्याआड. मी त्यांना आधी कधी पाहिलेलंही नव्हतं.

प्रगती उभी राहिली. काय बोलली पोरगी! शेळी उतरली, आबा उतरले, पाय घसरला. सगळा हॉल त्या कड्यावर जाऊन बसला. "मी बोलत होते. मी बोलत होते. आणि खालून 'हं' यायचं थांबलं." ती थांबली. एक सेकंद, दोन सेकंद. आणि मागच्या रांगेतून खणखणीत आवाज आला, "हं! हाय की म्या हितं!"

दोन-चार जण हसले. एक स्वयंसेवक धावत गेला, "ओ बाबा, शांत बसा, स्पर्धा चालूय." प्रगतीनं मागं बघितलं. तिला आबा दिसले. मी तिचा चेहरा बाजूनं पाहत होते, तो पांढरा पडला. हात जिथं होता तिथंच राहिला. आणि मग तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. काय करू मॅडम, असं विचारलं तिनं, तोंड न उघडता. मला सगळं कळलं होतं. मागचा म्हातारा कोण, ते त्या एका क्षणात कळलं होतं. आणि मी, मी हात हलवून खूण केली. पुढं! थांबू नको!

ती थांबली नाही. आबांकडं बघतच, आवाज खाली आणून, मी शिकवलं होतं तस्सं म्हणाली, "आबा गेले."

पहिला क्रमांक एकमतानं. परीक्षकबाई हुंदके देत होत्या.

मी अंगणात आले तेव्हा बाप-लेक पायरीशी उभे होते. प्रगती खाली बघत होती. मला वाटलं होतं, आता हा माणूस शिव्या घालणार, कदाचित काठीच उचलणार. उचलली असती तर बरं झालं असतं. पण त्यांनी मला हात जोडले आणि हळूच विचारलं, "बाई, माझ्या डोक्यावर कावळा बसला व्हता का?"

मला काही उमगेना.

"न्हाई, आमच्यात डोक्यावर कावळा बसला की त्यो माणूस जाणार म्हणत्यात. मग त्याच्या पावण्या-रावळ्यांना खोटा सांगावा धाडायचा, अमका गेला म्हणून. ते रडलं की मरण टळतं. ज्याच्यावर बसला त्याला मातूर सांगायचं नसतं. म्हणून पोरगी मला बोलली न्हाई आसंल. मला ठावं हाय तिचं. उगाच बापाला मारायची न्हाई ती."

त्या बिचाऱ्यानं लेकीसाठी एक कारण शोधून काढलं होतं. त्याला माहीत असलेलं एकच कारण. प्रगतीनं वर बघितलं, ती खरं सांगायला तोंड उघडत होती. आणि मी, ही तोफ, पटकन म्हणाले, "हो हो, तसंच झालं." अंगावरची झुरळं झटकावीत तसं मी ते त्यांच्या कावळ्यावर झटकून टाकलं.

त्यांचा चेहरा उजळला. "मग झ्याक! लई माणूस रडलं बाई, आता मला शंभर वर्षं मरण न्हाई. पण सांगितलं का त्यास्नी, खोटं हुतं म्हणून?"

"म्हणजे?"

"जे रडलं त्यांना दिस मावळायच्या आत सांगाय लागतं की. माणूस जिता हाय, रडू नका. न्हाईतर सांगावा खरा व्हतो."

प्रगतीनं माझा हात धरला. तिला माहीत होतं ते. तिला ते सप्टेंबरपासून माहीत होतं. तीन स्पर्धांतली रडलेली माणसं कधीच घरी गेली होती, आणि तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, कारण मी म्हटलं होतं हे नुसतं भाषण आहे. "मॅडम, तुमी सांगा. माईकवरनं सांगा. आत्ताच," ती म्हणाली.

"सांगते," मी म्हटलं. "बक्षीस समारंभात सांगते."

समारंभ चारला सुरू झाला. सिद्धनाथ पुढं येऊन बसले, त्यांना नीट ऐकायचं होतं. प्रमुख पाहुणे चाळीस मिनिटं बोलले, त्यामुळे विजेत्याचं भाषण रद्द झालं. मी माईकपासून चार हातांवर उभी होते. एकच वाक्य होतं, 'प्रगतीचे वडील हयात आहेत आणि ते इथं बसलेत.' मी पुढं निघाले तर प्राचार्य कानाशी आले, "मोहिनी मॅडम, कमाल केलीत. आता जूनची काळजी करायची नाही बरं का." मी थांबले. अकरा वर्षं दर जूनला मी त्यांच्या दारात उभी राहत आले होते. आता एवढं चारचौघांत सांगितलं, की शेवट खोटा, आणि तो मी लिहिला, तर? मी म्हटलं, वंदे मातरम् झाल्यावर सांगू. वंदे मातरम् झालं. खुर्च्या वाजल्या, माणसं उठली. दुसऱ्यांना आवाज काढायला शिकवणारी बाई मी, आणि मी माईकला पाठ करून खुर्च्या लावायला लागले.

प्रगती ढाल खुर्चीवर टाकून फाटकाकडं पळाली. जो बाहेर पडेल त्याला हात जोडून सांगायला लागली, "खोटं हुतं ओ, माझे आबा जिते हायेत, ते बघा तिथं हायेत." कुणी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. एक बाई म्हणाली, पोरीनं फारच मनाला लावून घेतलंय. बाहेरगावच्या जीपा तोवर निघूनही गेल्या होत्या. तिनं एका जीपमागं नीरा नदीच्या पुलापर्यंत धाव घेतली. दिवस मावळला तेव्हा ती पुलाच्या कठड्याला धरून उभी होती.

सिद्धनाथ लंगडत तिच्यापाशी गेले. "आसूंदे गं. मेल्याची खोटी बातमी उठली की आयुक्ष वाढतं म्हणत्यात." ते हसले. पोरगी हसली नाही.

एवढ्यावर भागलं असतं तरी मी देवाला नारळ फोडला असता. पण हणमंतानं भाषण मोबाईलवर घेतलं होतं, आणि त्यानं ते त्याच दिवशी टाकलं. वाईट हेतूनं नव्हे, त्यालाही अभिमानच होता. तिथून कुणीतरी उचललं, त्याच्यावरून आणखी कुणी. आठ दिवसांत दोन लाखांच्या वर माणसांनी ते बघितलं. खाली ओळीनं, 'भावपूर्ण श्रद्धांजली.' 'ताई, रडवलंत.' 'बाप तो बापच.' प्रगती वसतिगृहातल्या मैत्रिणीचा मोबाईल घेऊन एकेकाला खाली लिहीत बसायची, 'खोटं आहे. माझे आबा जिवंत आहेत. रडू नका.' तिला उत्तरं यायची, 'ताई, धीर धरा.' ती एकाला सांगेपर्यंत नवे पन्नास रडलेले असायचे. मी तिला तासाला बघायचे, डोळे सुजलेले, बोटं चालूच.

मी हणमंताच्या कानाखाली आवाज काढला, त्यानं मुकाट्यानं व्हिडिओ काढला. पण पुढं गेलेला कसा निघणार? प्राचार्यांना म्हटलं तर म्हणाले, अहो, कॉलेजचं नाव होतंय. मग मी स्वतः घरात मोबाईल समोर धरून बसले. 'मी प्रगतीची शिक्षिका. तिचे वडील हयात आहेत. तो शेवट मी लिहिला होता.' सात वेळा बोलले. सातही वेळा पुसून टाकलं. आठव्यांदा बसलेच नाही.

जानेवारीच्या शेवटाला पानशेतहून सिद्धनाथांची थोरली बहीण अंबूबाई ऊर बडवत वाड्यावर आली. नातवाच्या मोबाईलवर बघितलं होतं तिनं. तिच्याबरोबर सोयरे होते, ज्यांच्यात प्रगतीचं लग्न ठरत होतं तेही. येऊन बघतात तर सिद्धनाथ शेळीची धार काढतायत. म्हातारी आधी भावाच्या गळ्यात पडली, मग म्हणाली, "तुझ्या लेकीच्या जिभेला काई हाड?" ही बातमी खाली पोचली त्याच दिवशी प्रगती पिशवी घेऊन घरी गेली. परत आलीच नाही.

फेब्रुवारीत बारावीची हॉल तिकिटं आली. सगळ्यांनी नेली, तिचं टेबलावर राहिलं. परीक्षेला पाच दिवस असताना मी ते घेऊन गुंजवण्याला उतरले आणि चढायला लागले. वयाप्रमाणं धाप लागली, दोनदा बसले. मनात वाक्यं जुळवत होते, सवय मेली. आधी माफी, मग अभ्यासाचं, मग लग्नाचं.

सिद्धनाथ वाड्याबाहेरच्या सड्यावर, उघड्या कातळपठारावर, शेरडं घेऊन उभे होते. त्यांच्यापासून दोन पावलांवर प्रगती. तिनं मला बघितलं आणि नजर परत बापाच्या पायांवर नेली. मी सगळं सांगून टाकलं. कावळा नव्हता, बक्षीस हवं होतं, शेवट माझा होता. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "तिनं सांगितलं मला. घरी आली त्याच राती सांगितलं. जाऊंद्या बाई, तुमी काय मुद्दाम केलं?"

तेही माझ्याच बाजूनं कारण शोधत होते. मी हॉल तिकीट पुढं केलं. "आबा, तिला परीक्षेला पाठवा. पुढं शिकू द्या. मी पाया पडते तुमच्या."

"आवो, म्या कुठं न्हाई म्हणतोय?" ते कळवळून म्हणाले. "पावण्यांना म्या न्हाई म्हणून कळवलं. लगीन मोडलं. तिला म्हटलं, जा, शिक, बीए कर, मास्तरीण व्हो. म्या ऐकलं तिला त्या दिशी, रांडंच्यांनो, म्हटलं मनात, बघा माझी पोरगी कशी बोलती! जितं असताना कुणाला आपल्यासाठी एवढं माणूस रडताना बघाय मिळतं? माझी कायबी ना न्हाई बाई. तीच जात न्हाई."

मी प्रगतीकडं वळले. "ऐकलंस ना? आबा हो म्हणाले गं. तुला हेच हवं होतं ना?"

शेरडं पुढं सरकली. सिद्धनाथांना त्यांच्यामागं जावं लागलं, तसा त्यांचा ओढता पाय एका दगडाला अडला, आणि प्रगतीनं झेप घेऊन दोन्ही हातांनी त्यांचा दंड धरला. ते पडत नव्हते, नुसतं अडखळले होते. ते सावरले तरी तिनं दंड सोडला नाही.

"मी गेले आन् हितं कायतरी झालं तर?" ती म्हणाली. इतक्या खालच्या आवाजात की मला पुढं वाकावं लागलं.

"काही होत नाही गं," मी म्हटलं.

"तुमी तेव्हाबी आसंच म्हणला व्हता."

सिद्धनाथांनी हॉल तिकीट माझ्या हातातून घेतलं, उलटसुलट करून बघितलं. त्यावर लेकीचा फोटो होता. मग तिला ऐकू जाऊ नये म्हणून माझ्या जवळ आले, पण ती त्यांच्यामागं आलीच, दंड धरून.

"आंघुळीला गेलो तरी भाईर हुबी ऱ्हाती," ते म्हणाले. "झोपलो की नाकाशी हात धरून बसती. खात न्हाई, पित न्हाई. बाई, तुमी शिकल्याल्या. म्या जिता हाय, एवढं तिला कुणीतरी पटवा."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ती त्यांच्या श्वासाकडं कान लावून उभी होती.